इन्यो काउंटीचा इतिहास १८६६ च्या आधीपासून का सांगितला : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

कॅलिफोर्नियातल्या इन्यो काउंटीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तर प्रतिक्रियांच्या चौकटीत मावणारं नाही, म्हणून स्वतंत्र लिहिते आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही, त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. काउंटी १८६६ साली स्थापन झाली, म्हणून तिचा आरंभीचा इतिहास तिथूनच सांगायला हवा होता. मी मात्र त्याआधीपासून तिथे राहणाऱ्या पायूट या मूळ रहिवासी लोकांवर निम्मा लेख खर्च केला. हे लोक भटके, कंदमुळं आणि किडे खाऊन राहणारे होते. त्यांच्या पाटांची आणि पाणीवाटपाची हकिगत म्हणजे आजच्या काळाला रुचेल असं रंगवलेलं चित्र आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांशी लढाई झाली ती त्यांनी गुरं मारली म्हणून. लॉस एंजेलिसनं पुढे जे पाणी नेलं, ते नाहीतरी खाऱ्या तळ्यात जाऊन वाफ होत होतं. डोंगर आणि पाऊसपाण्याचं वर्णन पाल्हाळ झालं, आणि ज्या चांदीच्या खाणीनं लॉस एंजेलिस उभं राहायला हातभार लावला, त्या सेरो गोर्डोला मी दोन ओळींत गुंडाळलं. तुम्ही स्थापत्य अभियंता आहात आणि हायवे ३९५ वरून या भागातून अनेकदा गेला आहात, हेही तुम्ही लिहिलंत. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत तुमच्याशी मोकळेपणानं बोलता येईल.

डोंगरांपासूनच सुरुवात करते, कारण इथल्या इतिहासातली एकही गोष्ट त्यांच्याशिवाय समजत नाही. इन्यो काउंटी सुमारे २६,५०० चौरस किलोमीटरची आहे, म्हणजे आपली सात गोवा राज्यं तिच्यात बसतील, आणि २०२० च्या जनगणनेत तिथे माणसं भरली १९ हजारांच्या आसपास. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर, ४,४२१ मीटरचं माउंट व्हिटनी, हिच्या पश्चिम सीमेवर आहे. उत्तर अमेरिकेतली सर्वांत खोल कोरडी जमीन, डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, तीही हिच्यातच. पण माणसांचा इतिहास घडला तो या दोन टोकांच्या मधे, ओवेन्स खोऱ्यात. पश्चिमेला सिएरा नेवाडाची भिंत, पूर्वेला व्हाइट आणि इन्यो पर्वत, आणि मधे साधारण १,२०० मीटर उंचीवरचा, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांबीचा चिंचोळा सपाट पट्टा. पॅसिफिकवरून येणारे ढग सिएरावरच रिते होतात. खोऱ्याच्या तळाला वर्षाकाठी जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस मिळतो, तोही बहुतेक हिवाळ्यात.

एवढ्यावरून हे वाळवंट ठरतं, आणि तुम्हीही तेच म्हणता. पण सिएराच्या माथ्यावर हिवाळाभर साचलेलं बर्फ मे ते जुलैत वितळतं, आणि दर काही किलोमीटरवर एक ओढा खळाळत खाली येतो : बिशप क्रीक, बिग पाइन क्रीक, इंडिपेंडन्स क्रीक, लोन पाइन क्रीक, कॉटनवुड क्रीक. खोऱ्यातली मोठी गावं कुठे आहेत, ते नकाशात पाहा. सगळी या ओढ्यांवरच. समोरच्या इन्यो पर्वतातून जवळजवळ काहीच पाणी उतरत नाही, म्हणून तिकडे मोठं गाव नाही. आणि पाणी येतं ते ऐन उन्हाळ्यात, जमीन सर्वांत तहानलेली असते तेव्हा. फक्त ते ओढ्याच्या अरुंद पात्रातून सरळ नदीला आणि नदीतून खाली ओवेन्स तळ्यात निघून जातं. ते वाटेत अडवून बाजूच्या जमिनीवर पसरवायचं की नाही, एवढाच या खोऱ्यात जगणाऱ्या प्रत्येक समाजापुढचा प्रश्न होता. म्हणून हे वर्णन मला पाल्हाळ वाटत नाही. ते वगळलं तर पुढचं भांडण कशावरून झालं, तेच कळणार नाही.

या प्रश्नाचं पहिलं उत्तर पायूट लोकांनी शोधलं. ते स्वतःला नूमू म्हणतात. माझ्या लेखातला हा भाग तुम्हाला रंगवलेला वाटला. पण त्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा पायूटांच्या बाजूनं बोलणाऱ्या कुणाचा नाही, तो अमेरिकन लष्कराच्या मोहिमेचा आहे. १८५९ साली कॅप्टन जे. डब्ल्यू. डेव्हिडसन दक्षिणेकडच्या फोर्ट तेहोन या लष्करी ठाण्याहून घोडेचोरांच्या मागावर या खोऱ्यात आला. घोडे चोरणारे हे लोक नव्हेत, अशी त्याची खात्री झाली. त्या मोहिमेचा वृत्तान्त त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या वर्तमानपत्रात छापून आला. त्यात म्हटलं आहे की, इथले मूळ रहिवासी मोठमोठी शेतं ओलिताखाली आणतात, त्यांचे पाट काही ठिकाणी कित्येक मैल लांब आहेत, ते एखाद्या इंजिनिअरनं आखावेत इतक्या अचूकपणे काढले आहेत आणि पाणी सगळीकडे सारखं पोचतं. आणि हे सगळं शेतीचं एकही अवजार हाती नसताना. तोवर खोऱ्यात गोऱ्यांची एकही कायमची वस्ती नव्हती. त्याआधी तीन-चार वर्षं फॉन श्मिट नावाचा सरकारी भूमापक इथे येऊन मोजणी करून गेला होता. गोऱ्या माणसाच्या कामाची ही जमीन नाही, असा शेरा त्यानं मारला. म्हणजे ज्या जमिनीला भूमापकानं निकामी ठरवलं, तिथेच लष्करी मोहिमेला मैलोन्‌मैल पाट वाहताना दिसले.

तुम्ही अभियंता आहात म्हणून इथे जरा थांबते. ओढा डोंगरातून बाहेर पडतो तिथे गाळाचा आणि गोट्यांचा पंख्यासारखा पसरलेला उतार असतो. या उतारावर ओढ्याच्या पात्राबाहेर पाणी काढायचं तर पाटाचा ढाळ फार जपून धरावा लागतो. ढाळ जास्त झाला तर पाट स्वतःलाच कोरत जातो. कमी पडला तर गाळ साचतो आणि पाणी गोट्यांत जिरतं. दुर्बीण नाही, लेव्हल नाही, लोखंडाचं फावडं नाही, आणि तरी बिशप क्रीकवर पायूटांनी ओढ्याच्या दोन्ही अंगांना पाट काढले होते, उत्तरेच्या शेताला एक आणि दक्षिणेच्या शेताला एक.

ही पद्धत कशी चालायची, हे १९३० च्या आसपास मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन स्ट्युअर्ड यांनी वयोवृद्ध पायूटांना विचारून नोंदवलं. वसंतात बर्फ वितळू लागलं की लोकांची सभा भरायची. तिच्यात त्या वर्षाचा पाणी सोडणारा निवडला जायचा. तो मान होता आणि जबाबदारीही. मग गावातली माणसं मिळून दगड, झुडपं, काटक्या आणि चिखल यांचा बांध ओढ्यावर घालायची. पाणी पाटात शिरलं की पुढचं काम त्या एका माणसाचं. हातात लांब लाकडी दांडा घेऊन तो शेतभर फिरायचा, चिखलाचे छोटे बांध घालून, फोडून, पाणी इकडून तिकडे वळवायचा. एका वर्षी उत्तरेचं शेत भिजायचं, दुसऱ्या वर्षी दक्षिणेचं. शरद ऋतूत बांध फोडायचे, ओढा परत पात्रात जायचा आणि कोरड्या पडलेल्या पाटांत अडकलेले मासे सगळ्यांनी गोळा करायचे. धुळ्याकडची पांझरेवरची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल : नदीवरचा बंधारा, सगळ्यांचा मिळून पाट, आणि पाणी सोडायला गावानं नेमलेला पाटकरी.

पिकायचं काय? मुख्यतः टबूस नावाची एक गवतासारखी वनस्पती, जिच्या मुळांना सुपारीहून लहान, गोडसर गाठी धरतात. आपल्याकडे शेतात माजणारा लव्हाळा, नागरमोथा, याच कुळातली ती. जोडीला आणखी एक कंद आणि बियांची गवतं. तुम्ही म्हणाल, बी पेरलं नाही, नांगर धरला नाही, मग ही शेती कशी? हा मुद्दा वजनदार आहे. स्ट्युअर्ड यांनीही त्याला शेती म्हटलं नाही. शेतीविना सिंचन असंच त्यांचं मत होतं. मला ते पटत नाही. टबूसची लागवड गाठींपासूनच होते. टोकदार काठीनं जमीन उकरून मोठ्या गाठी काढल्या की माती भुसभुशीत होते, बारक्या गाठी आत राहतात, आणि पुढच्या खेपेला पाणी मिळालं की त्याच रुजतात. एक शेत एक वर्ष पाण्याविना ठेवायचं, ही व्यवस्था बेफिकीर भटक्यांची नसते. पण नाव काहीही द्या. ज्यांचं पोट दरवर्षी ठरलेल्या जागी, ठरलेल्या पाण्यावर भरत होतं, त्यांना भटके म्हणता येत नाही. त्यांच्या वस्त्या ओढ्यांच्या काठी होत्या आणि शेतांच्या हद्दी ठरलेल्या होत्या. शरदात पिन्यॉन पाइनचे दाणे गोळा करायला ते पूर्वेच्या डोंगरांत जात. दाणे जमले की पुन्हा खोऱ्यात.

किडे खाण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर एकच सांगते. ओवेन्स तळ्याच्या काठाला खाऱ्या पाण्यातल्या माशीचे कोष लाटांबरोबर ढिगांनी लागत. ते वाळवून, चोळून ठेवले की हिवाळ्यासाठी प्रथिनांचा उत्तम साठा होतो. ज्या तळ्याला तुम्ही वाफ होण्याची जागा म्हणता, ते यांचं कोठार होतं.

आता गुरांच्या लुटीकडे येते. पायूटांनी गुरं मारली, हे खरं आहे आणि मी ते लेखात लिहिलेलं आहे. प्रश्न आहे तो कधी आणि कशानंतर, याचा. १८६० मध्ये उत्तरेला ऑरोरा इथे चांदी-सोनं सापडलं. खाणकामगारांना मांस हवं होतं. १८६१ साली सॅम्युएल बिशप आणि आणखी काही जण शेकडो गुरं घेऊन खोऱ्यात उतरले. त्यांनी गुरं सोडली कुठे? ज्या कुरणांत हिरवा चारा होता तिथे. आणि दीडशे मिलिमीटर पावसाच्या खोऱ्यात हिरवा चारा असायचा तो पाटांच्या पाण्यावर भिजलेल्या जमिनीवर. गुरांनी बियांची गवतं खाल्ली, कंदांची जमीन तुडवली. पाठोपाठ १८६१-६२ चा हिवाळा आला. संपूर्ण कॅलिफोर्नियात त्यानं महापूर आणले, आणि इथे बर्फ आणि थंडीनं शिकारही दुर्मिळ केली. बेगमी गेलेली माणसं समोर चरणारं जनावर मारतील, यात नवल काय? जानेवारी १८६२ च्या शेवटी बिशपच्या गोठ्यावर दोन्ही बाजूंनी बसून समझोता केला, तो टिकला नाही. एप्रिलमध्ये बिशप क्रीकजवळच्या लढाईत वसाहतवाल्यांना माघार घ्यावी लागली. ४ जुलै १८६२ ला घोडदळानं कॅम्प इंडिपेंडन्स उभारला. तिथून पुढे सैनिकांनी पायूटांची साठवलेली बी-बियाणं नष्ट करायला सुरुवात केली. बंदुकीपेक्षा त्यानं लवकर काम झालं.

१८६३ च्या जुलैत सुमारे नऊशे पायूटांना, बायकामुलांसह, ऐन उन्हात तीनशेहून जास्त किलोमीटर चालवत फोर्ट तेहोनकडे नेलं. हे स्थलांतर त्यांच्या रक्षणासाठी होतं, असं तुम्ही लिहिता. पण रक्षणासाठी नेलेल्या माणसांना तिथे पोटभर अन्न मिळालं नाही. कित्येक वाटेत गेले, कित्येक तिथे गेले, आणि उरलेल्यांपैकी बरेच जण पुढच्या काही वर्षांत पायी परत आले. जानेवारी १८६५ मध्ये एका वसाहतवाल्या बाईची आणि तिच्या मुलाची हत्या झाली. तिचा सूड म्हणून ओवेन्स तळ्याच्या काठी पायूटांच्या एका वस्तीवर हल्ला झाला. मारले गेलेले तीस-चाळीस जण, त्यांत बायका होत्या, मुलं होती. पळणाऱ्यांना तळ्यात हाकलून मारलं. वर्षभरानंतर, मार्च १८६६ मध्ये, मोनो आणि टुलेरी या काउंट्यांतून जमीन काढून इन्यो काउंटी स्थापन झाली.

आता हा इतिहास १८६६ पासून सुरू करून बघा. काउंटीचं पहिलं पान उघडताच ओढ्यांच्या काठी गोऱ्यांची शेतं आयती दिसतात, पाट वाहताना दिसतात, आणि खोरं रिकामं होतं असं वाचणाऱ्याला वाटतं. ते रिकामं का होतं, पाट कुणाचे होते, हे त्या पानावर कुठेच येत नाही. परत आलेले पायूट मग याच शेतांवर मजुरीला लागले. जमीन ओळखीची, पाणी ओळखीचं, मालक दुसरा. मी निम्मा लेख तिथे खर्च केला तो यासाठी, आणि पुन्हा लिहायची वेळ आली तरी असाच लिहीन.

१८७२ च्या भूकंपाबद्दल तुमचा आक्षेप नाही, उलट ते तुम्हाला आवडलं, म्हणून त्यावर थोडंच. २६ मार्चच्या पहाटे अडीचच्या सुमारास लोन पाइनमधल्या ५९ घरांपैकी ५२ कोसळली, २७ माणसं गेली. घरं होती मातीच्या विटांची आणि दगडांची. जमीन फाटून उभी राहिलेली ती पायरी गावाच्या पश्चिमेला आजही दिसते. पुढच्या वेळी ३९५ वरून जाताना व्हिटनी पोर्टलच्या रस्त्याला वळून जरूर पाहा.

वाफ होणाऱ्या पाण्याचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकला, कारण लॉस एंजेलिसनं स्वतःच्या समर्थनात हाच मुद्दा मांडला होता. ओवेन्स तळ्याला बाहेर जायला वाट नाही, हे खरं. तिथलं पाणी खारं होतं, हेही खरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनीच वरचं पाणी वापरल्यामुळे तळं आटायला लागलं होतं, हे मी तुमच्या बाजूनं आणखी जोडते. पण ते तळं अडीचशेहून जास्त चौरस किलोमीटरचं होतं. १८७२ साली त्यावर ‘बेसी ब्रेडी’ नावाची आगबोट चालायला लागली आणि चांदी-शिशाच्या विटा एका काठाहून दुसऱ्या काठाला नेऊ लागली. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचे थवे तिथे उतरत. १९१३ च्या नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या पाणी खात्याचे मुख्य अभियंता विल्यम मुलहॉलंड यांचा, ओवेन्स नदीचं पाणी शहराला नेणारा ३७५ किलोमीटरचा कालवा सुरू झाला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तळं कोरडं पडलं. तळाचा क्षार वाऱ्याबरोबर उडायला लागला. कित्येक दशकं संपूर्ण अमेरिकेत बारीक धुळीचं सर्वांत मोठं एकच उगमस्थान हे कोरडं तळं होतं. ती धूळ दाबायला लॉस एंजेलिसला आजवर दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च करावा लागला आहे, आणि त्यातला मोठा भाग तळाच्या जमिनीवर पुन्हा पाणी पसरवण्यावर गेला. पाणी वाया जात नव्हतं. ते माती जागेवर धरून ठेवत होतं.

मुलहॉलंड यांच्या कालव्याबद्दल, अभियांत्रिकीचं काम म्हणून, मला तुमच्याइतकाच आदर आहे. एवढं अंतर केवळ उतारावर, एकही पंप न लावता पाणी नेणं ही थोर गोष्ट आहे. पण त्याच्या कौतुकात पहिल्या पाटांना जागा असू नये, असं का? ढाळाची समज दोघांकडेही होती.

आपल्या मराठी वाचकाचा याच्याशी काय संबंध, असंही तुम्ही विचारलंत. लॉस एंजेलिस शहरात राहणाऱ्या मराठी घरांमध्ये नळ सोडला की येणाऱ्या पाण्यात सिएराच्या या उतारावरचं बर्फ असतं. हा संबंध मला पुरेसा वाटतो. आणि हा जुना हिशोब मिटलेलाही नाही. १९३९ साली केंद्र सरकार आणि लॉस एंजेलिस यांच्यात जमिनींची अदलाबदल झाली, त्यातून बिशप, बिग पाइन आणि लोन पाइन इथल्या आजच्या पायूट वसाहती आल्या. जमिनीचा करार झाला, पाण्याच्या हक्काचा प्रश्न तसाच बाजूला ठेवला गेला, आणि आजही तो तिथेच आहे. काउंटीत खासगी मालकीची जमीन दोन टक्क्यांहूनही कमी आहे. बाकी बहुतेक केंद्र सरकारची, आणि खोऱ्याच्या तळाची ओलिताची जमीन मोठ्या प्रमाणावर लॉस एंजेलिसच्या पाणी खात्याची.

राहिलं सेरो गोर्डो. त्याला दोनच ओळी दिल्या, कारण तो पुढच्या लेखाचा विषय आहे. १८६५ मध्ये पाब्लो फ्लोरेस यांना इन्यो पर्वतात चांदीचं खनिज सापडलं. १८६८ नंतर मॉर्टिमर बेलशॉ आणि व्हिक्टर बोड्री यांनी तिथे भट्ट्या उभारल्या. रेमी नादोच्या खेचरांच्या गाड्या चांदी-शिशाच्या विटा घेऊन लॉस एंजेलिसला जात आणि धान्य, चारा, सामान घेऊन परत येत. तेव्हाच्या त्या लहानशा शहराच्या व्यापाराला या एका खाणीनं मोठा आधार दिला, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मी त्यात एवढंच घालणार आहे, की त्या भट्ट्यांना जळण लागायचं आणि जवळपास झाडं होती ती पिन्यॉन पाइनची. डोंगरच्या डोंगर तोडून त्यांचा कोळसा झाला. पायूटांची हिवाळ्याची बेगमी याच झाडांच्या दाण्यांवर होती. तेव्हा पुढच्या लेखात खाण, खेचरं, आगबोट सगळं सविस्तर येईल, आणि पायूटही येतील.

ता. क. : खोऱ्याचा नकाशा मूळ लेखात नीट उघडत नाही, असं तुमच्यासह आणखी दोघांनी कळवलं. मोठ्या आकारात पुन्हा चढवला आहे. बिशप क्रीकच्या दोन्ही बाजूंची शेतं त्यात वेगळ्या रंगात दाखवली आहेत.